तुळजाअक्काचा कान

हे मी मराठीत लिहितो आहे, त्यातही थोडी लबाडी आहे. तंजावरजवळ, कुंभकोणममध्ये आमच्या गल्लीत मराठी बोलणारी आता चार घरं उरली, आणि मराठी वाचणारा बहुधा मी एकटाच. विठ्ठलाच्या मठात अभंग वाचता यावेत म्हणून वडिलांनी देवनागरी शिकवली, पुढे सोलापूरचा मावसभाऊ पुस्तकं पाठवत राहिला, म्हणून तुमच्यासारखी मराठी जमते. म्हणजे हा कागद मी टेबलावर उघडा टाकून जेवायला गेलो तरी घरात कुणाला काही कळणार नाही. बायकोलाही नाही. तिच्याशी पस्तीस वर्षं सगळं बोललो — हे सोडून.

तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तुळजाअक्कालाही ओळखत नाही.

मी जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो. महामहम तळ्यापासून दोन गल्ल्या आत माझं दुकान आहे. मधली काही वर्षं हा धंदा मेल्यातच जमा होता, मी मिक्सर आणि पंखे दुरुस्त करून दिवस काढले. आता पुन्हा लोक माळ्यावरून आजोबांचे सेट खाली काढतात. रबरी पट्टे वितळून डांबरासारखे चिकटलेले असतात, आमच्या दमट हवेत स्पीकरच्या कडेचा फोम तर बोट लावताच पिठासारखा गळतो. मी जुना भाग काढतो, जुळणारा नवा शोधतो, बसवतो. हात चांगला आहे माझा. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. हात चांगला आहे या घमेंडीनेच पुढचं सगळं झालं, म्हणून सांगतो.

तुळजाअक्का आमच्या दूरच्या नात्यातली. माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. सगळं गाव तिला अक्काच म्हणायचं. गाणं शिकवायची — चाळीसेक वर्षं शिकवलं असेल. चोळपुरमहून टाउन बसने मुली यायच्या, पापनाशमहून आगगाडीने यायच्या. तिच्या कानाबद्दल काय सांगू? ती स्वयंपाकघरात डाळ फोडणीला टाकत असायची, बाहेर ओट्यावर आठ मुली एकदम गात असायच्या, आणि आतून हाक यायची, "कामाक्षी, तुझा गांधार खाली बसला ग!" आणि तो कामाक्षीचाच असायचा. मठात एकादशीच्या भजनाला ती खांबाला टेकून बसायची. गाणारा सुरातून सुटला की ती उजवा हात नुसता थोडा वर करायची, बोलायची नाही. तेवढ्याने गाणारा थांबायचा, तंबोरा नीट ऐकायचा आणि पुन्हा सुरू करायचा. मोठमोठे गवई आले तरी त्या हातापुढे थांबायचे.

मीही तिच्याकडे शिकायला जात होतो. अकरा वर्षांचा होतो. चार महिने गेलो. मग एक दिवस तिने वडिलांना ओट्यावर बसवलं, कॉफी दिली, आणि सांगितलं, "मामा, रघू गुणी आहे. पण याला कान नाही. याला दुसरं काही शिकवा." मी दाराआड उभा होतो. ती वाईट बोलली नव्हती. खरं तेच बोलली होती. घरी जाताना वडील हसून म्हणाले, बरं झालं, वेळ वाचला. पण मला ते लागलं. किती लागलं होतं, ते मला बेचाळीस वर्षांनी कळलं.

तिच्या यजमानांनी फार पूर्वी सिंगापूरहून एक सेट आणला होता. रेकॉर्ड प्लेअर, अॅम्प्लिफायर आणि लाकडाच्या दोन मोठ्या स्पीकर-पेट्या. यजमान गेल्यावर ती रोज दुपारी जेवण झालं की एक तबकडी लावायची आणि दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, वेताच्या खुर्चीत बसायची. तेवढा तास मुलींनासुद्धा आत यायची परवानगी नव्हती. एकदा डाव्या पेटीतून फरफर आवाज यायला लागला. तिने मला बोलावलं. फोम गळला होता, आतली कॉइल घासून जळली होती. तसाच स्पीकर मिळेना, म्हणून त्याच मापाचा दुसरा चेन्नईहून मागवला, पेटी दुकानात आणली, बसवला, तारा कथलाचा डाग देऊन जोडल्या आणि नेऊन लावून दिला. वाजला. स्वच्छ वाजला.

अक्का खुर्चीत बसली. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "रघू, हें बरोबर नाही."

मी विचारलं, काय बरोबर नाही?

"बाई गाते, ती मध्ये उभी राहत नाही रे. पूर्वी माझ्या समोर उभी राहून गायची. आता कुठे आहे तेच कळत नाही. डोक्याभोवती फिरते. आणि मृदंगाची डावी बाजू कुणी उचलून नेली?"

मी डावी पेटी एकटी लावून पाहिली. ठीक. उजवी एकटी लावली. ठीक. मागच्या तारा पाहिल्या — लाल लालला, काळी काळीला. तेही ठीक. मी म्हटलं, नवा स्पीकर आहे अक्का, आठ दिवस वाजला की मऊ होईल.

आठ दिवसांनी तिने पुन्हा बोलावलं. तेच म्हणणं. मी अॅम्प्लिफायर दुकानात आणून सगळा तपासला, दोन शंकास्पद भाग बदलले, परत दिला. तेच म्हणणं. आता मला राग यायला लागला होता. मी मोजलं होतं, तपासलं होतं, माझ्याकडे मीटर होता. तिच्याकडे काय होतं? नुसता कान.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कामाक्षी आणि आणखी एक मुलगी चटईवर बसल्या होत्या. मी पुन्हा सगळं लावून दाखवलं. अक्काने डोळे मिटून ऐकलं आणि दमून म्हणाली, "तुला नाही ऐकू येत रे. कुणी कान असलेला माणूस घेऊन ये बरोबर."

मुलींपैकी एक हसली. कदाचित ती त्या बोलण्याला हसलीही नसेल.

आणि मी बोललो — अगदी शांतपणे, डॉक्टर बोलतात तसा. "अक्का, सेट ठीक आहे. सेटमध्ये काहीच नाही. तुमचा कान गेला आता."

 तबकडी फिरतच होती. मला वाटलं ती चिडेल, हाकलून देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तिने विचारलं — आणि ते असं विचारलं की जणू मला खरंच माहीत असणार —

"कधीपासून जातो रे?"

"सत्तरीनंतर जातोच, अक्का. आधी एका बाजूचा."

"कुठल्या?"

मला काय ठाऊक? मी पंखे दुरुस्त करणारा माणूस. पण मी थांबलोसुद्धा नाही. "डावा," म्हणालो. बिघडलेली पेटी डावीकडची होती, म्हणून तोंडात डावा आला असेल. तिने हळूच डाव्या कानावर हात ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. मी हत्यारं पिशवीत भरून निघालो.

खरं सांगू? रस्त्यावर आल्यावर मला बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, रागात माणूस काहीही बोलतो. हो. एवढंच असतं तर मी हा कागद घेऊन बसलो नसतो.

ती कानाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने तपासून सांगितलं की वयाला साजेसं थोडं कमी झालं आहे, काळजी करू नका. दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर काळजी सोडली असती. अक्काने त्यातलं 'कमी झालं आहे' एवढंच घरी आणलं. आधी तिने तंबोरा लावायचं काम कामाक्षीकडे दिलं. मग सूर धरून देणारी एक इलेक्ट्रिक श्रुतिपेटी आणली — जिची ती आयुष्यभर थट्टा करत आली होती ती. मुली सांगायच्या, अक्का हल्ली मधेच थांबतात आणि विचारतात, बरोबर आला का? ज्या बाईने चाळीस वर्षं सांगितलं, ती विचारायला लागली. त्या विजयादशमीला, शिकवणी सुरू करायच्या दिवशी, नव्या मुली पानसुपारी घेऊन दारात आल्या, तेव्हा तिने त्यांना साखर दिली आणि परत पाठवलं. दुसऱ्या विजयादशमीपर्यंत जुन्याही बंद झाल्या. कामाक्षी लग्न होऊन मदुराईला गेली. ओटा रिकामा झाला.

हे सगळं मी दुकानात बसून ऐकत होतो. वाईट वाटत होतं, पण कसं? एखाद्याला आजार झाल्यावर वाटतं तसं. माझा त्यात काही हात आहे असं मी स्वतःला वाटू दिलं नव्हतं. कान जातातच, नाही का?

मग तिने निरोप पाठवला: सेट घेऊन जा, मला आता त्याचा उपयोग नाही, ज्याला ऐकू येतं अशा कुणाला दे.

मी रिक्षातून पेट्या दुकानात आणल्या. देण्याआधी आतली धूळ काढावी म्हणून डाव्या पेटीचा मागचा फळा उघडला. आणि तार दिसली. आतली तार. नव्या स्पीकरवर लाल ठिपका जुन्याच्या उलट बाजूला होता, आणि मी सवयीने लाल तारेला जुन्याच बाजूला डाग दिला होता. तुम्हाला हे समजायला कठीण नाही. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत, एकाच वेळी मागे जायला हवेत. तार उलटी लागली की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एकेकटे वाजवले तर दोन्ही उत्तम. एकत्र वाजवले की ते एकमेकांना खातात, खालचा आवाज पातळ होतो आणि मध्ये उभी राहणारी बाई मध्ये उभी राहत नाही.

हे आमच्या कामातलं पहिल्या महिन्यात शिकवलं जाणारं ज्ञान आहे. मी बाहेरच्या तारा तीनदा पाहिल्या. फळा एकदाही उघडला नाही. कारण आतलं काम माझ्या हातचं होतं.

तरी मी एक साधा सेल घेतला आणि दोन्ही स्पीकरना क्षणभर टेकवून पाहिला. उजव्याचा पडदा बाहेर आला. डाव्याचा आत गेला. पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. किती वेळा टेकवला असेल? तार बदलायला दोन मिनिटं लागली. मग मी एक तबकडी लावली आणि स्टुलावर दोन्ही पेट्यांच्या मध्ये बसलो. मी — कान नसलेला माणूस. आणि गाणारी बाई माझ्या समोर येऊन उभी राहिली. मृदंगाचा डावा हात पोटात घुमला. मलासुद्धा ऐकू आलं हो. इतकं साधं होतं ते.

तिचं घर दुकानापासून दहा मिनिटांवर. मी त्याच संध्याकाळी गेलो. शपथेवर सांगतो, सांगायलाच गेलो होतो. वाटेत वाक्यही तयार केलं होतं — अक्का, चूक माझी होती, तुमचा कान शाबूत आहे.

ती देवापुढे वाती वळत बसली होती. मला बघून उठली, पितळी पेल्यात कॉफी आणून दिली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुला एक सांगायचं होतं रे. तू त्या दिवशी खरं बोललास, बरं केलंस. बाकी सगळ्यांनी मला गोड बोलून फसवलं असतं. मी तशीच शिकवत बसले असते, पोरींचे गळे बिघडवले असते. तुझ्या वडिलांना मी एकदा खरं सांगितलं होतं, आठवतं? तू तेच केलंस माझ्यासाठी."

काय बोलणार होतो मी? — नाही, असं विचारायला नको. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. वाक्य तयार होतं. चार शब्दांचं काम. पण तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच चांगला झालो होतो, आणि मला ते सोडवेना. मी कॉफी प्यालो. छान झाली आहे म्हणालो. घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सेट पापनाशमच्या एका ओळखीच्या शिक्षकाला देऊन टाकला. गावातही मागणारे दोघे होते. पण गावात दिला असता तर कधीतरी अक्का त्या घरी हळदीकुंकवाला गेली असती, आणि तो वाजत असता. एवढा विचार मी केला, बघा. नीट, शांतपणे केला.

अजून ते राहिलंच आहे. ते मी इतका वेळ टाळतो आहे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी. आषाढातली एकादशी, सकाळचं भजन. मठ भरलेला होता. अक्का यायची अजून, नेहमीच्या खांबाला टेकून बसायची, पण हात मांडीवर असायचे. मी तिच्या शेजारी होतो. हल्ली ती मला शेजारी बसवायची, विश्वासाचा माणूस म्हणून. कुठून तरी आलेला एक तरुण गवई अभंग म्हणत होता. आवाज मोठा, हावभाव मोठे. वरच्या स्वरावर गेला आणि सुटला. मला स्वरातलं कळत नाही, पण हार्मोनियमवाल्याचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं. तंबोऱ्यावरच्या माणसाने मान खाली घातली. आणि अक्काचा उजवा हात मांडीवरून वर उठला — आपोआप, इतक्या वर्षांच्या सवयीने. अर्धा वर येऊन थांबला.  ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कधी नीट सांगता येणार नाही. भीती होती, आणि भीतीच्या आत एक आशा होती. लहान मुलीसारखी माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"रघू, तो सुटला ना रे? की माझाच कान?"

समजा, त्या वेळी मी नुसतं 'सुटला' म्हणालो असतो. तार, पेटी, डाग — काहीही कबूल करायची गरज नव्हती. माझी लाज तशीच झाकलेली राहिली असती. एक शब्द पुरला असता. हार्मोनियमवाल्याकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण माझ्या मनात एकच आलं: हिला आज कान परत मिळाला, तर ही घरी जाऊन मागचा विचार करायला लागेल. हुशार बाई आहे. त्या डाव्या पेटीपर्यंत पोचेल.

मी म्हणालो, "तुमचाच कान, अक्का."

या वेळी राग नव्हता. चूक नव्हती. मला माहीत होतं.

तिने मान हलवली, दोनदा. उठलेला हात दुसऱ्या हाताने धरला आणि खाली मांडीवर आणून ठेवला — एखादं पोर गप्प बसवावं तसा. गवई तसाच सुटलेला गात राहिला, शेवटपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. मठात यायची, प्रसाद घ्यायची, मला प्रकृती विचारायची. गाताना तिला कुणी ऐकलं नाही, देवापुढेसुद्धा नाही. कामाक्षी एकदा मुलाला घेऊन भेटायला आली, तिने फार आग्रह केला, तेव्हा अक्का म्हणाली म्हणे, की मला आता स्वतःवर भरवसा नाही ग, रघूला विचार. शेवटच्या आजारात तिने माझ्या हातून पाणी घेतलं. तेव्हाही खोलीत आम्ही दोघंच होतो, बराच वेळ. ती शुद्धीवर होती. तिला सगळं ऐकू येत होतं. मी तिला पंखा हवा का, एवढंच विचारलं.